शूफ्लाय पाय, पॉट पाय आणि बरण्या: आमिश-मेनोनाइट पदार्थ घरी करताना या चुका टाळा

न्यू जर्सीच्या मराठी घरांतून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीला, म्हणजे आमिश आणि मेनोनाइट या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या गावांकडे, एखादी तरी फेरी होतेच. येताना गाडीत ॲपल बटरची (आटवलेल्या सफरचंदाच्या गराची) बरणी असते, एखादा 'पाय' (पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) असतो आणि बहुतेक वेळा एक पाककृतीचं पुस्तकही. गडबड सुरू होते ती पुढच्या आठवड्यात, त्या पुस्तकातलं काही करायला घेतल्यावर.

हा स्वयंपाक 'साधा, जुना, निसर्गाच्या जवळचा' अशा समजुतीने लोक हात घालतात. खरं तर तो मोठ्या खटल्याचा, शेतावर राबणाऱ्यांचा आणि हिवाळ्याच्या बेगमीचा स्वयंपाक आहे. त्यातली बाई वेळ वाचवायला बघते. आमिश घरांत पीठ मळून शेवया होतात, तशीच डब्यातली क्रीम सूप, जेलीची पाकिटं आणि प्रोसेस्ड चीजही सर्रास वापरतात. त्यामुळे पुस्तकात 'एक डबा मश्रूम सूप' दिसलं की पुस्तक खोटं असं समजू नका. ते डावलून तुम्ही पातळ दूध घातलंत तर कॅसरोल (ओव्हनमध्ये एकत्र भाजलेला पदार्थ) फाटणार, हे मात्र नक्की. त्याऐवजी लोण्यावर मैदा परतून घट्ट पांढरा सॉस करा आणि मीठ नंतर बेताने घाला. डब्यातल्या सूपमध्ये ते भरपूर असतं, हे लक्षात ठेवून चव जुळवा.

मसाल्याचा हात आवरा

आपल्याकडून हमखास होणारी चूक हीच. चिकन कॉर्न सूप फिकं वाटतं म्हणून जिरेपूड, आलं-लसूण आत जातं आणि सूप दुसरंच काहीतरी होतं. यात मीठ, मिरी, पार्सली, सेलरी एवढंच. एक अपवाद मात्र आपल्याला आवडेल असा आहे: केशर. लँकेस्टर आणि शेजारच्या लेबनन काउंटीतल्या पेनसिल्व्हेनिया डच (म्हणजे तिथे वसलेल्या जर्मनभाषक) लोकांनी परसात केशर लावलं आणि ते खिरीबिरीत नाही, तर कोंबडीच्या रश्श्यात घातलं. चार काड्या कोमट रश्श्यात भिजवून घाला, रंग आणि वास दोन्ही येतात.

या सुपात रिव्हल्स नावाच्या पिठाच्या गाठी सोडतात. अंडं आणि मैदा तळहातांत चोळून वाटाण्याएवढे गोळे पाडायचे असतात. त्या विरघळून खळ होत असेल तर मिश्रण ओलं झालंय. हाताला चिकटणार नाही इतका मैदा वाढवा आणि सूप खळखळ उकळत असतानाच चोळत सोडा. मका स्वीट कॉर्नच हवा. आपला भाजायचा देशी मका पिठूळ असतो, त्याने सूप जड होतं.

पॉट पायचा लगदा का होतो?

पेनसिल्व्हेनिया डच पॉट पायला वरचं खुसखुशीत कवच नसतं. ओव्हनमध्ये ठेवायचा प्रश्नच नाही. मैदा, अंडं, थोडी चरबी किंवा लोणी आणि कोमट रस्सा घालून पीठ मळायचं, लाटायचं, चौकोन कापायचे आणि उकळत्या रश्श्यात सोडायचे. ज्याला चकोल्या किंवा वरणफळं जमतात, त्याला हे जमायलाच हवं, आणि चुकाही त्याच होतात. चौकोन सगळे एकदम ओतले की त्यांचा एक गोळा होतो, म्हणून एकेक सोडा आणि प्रत्येक थरानंतर हलकेच ढवळा. पीठ अर्धा तास झाकून ठेवलं नाही तर लाटताना आखडतं, चौकोन जाड राहतात आणि मधे कच्चे लागतात. रस्सा पातळ वाटला म्हणून कॉर्नफ्लोअर लावू नका. चौकोनांवर भुरभुरलेला मैदाच त्याला दाट करतो, दहा मिनिटं धीर धरा.

शाकाहारी करायचा असेल तर भाज्यांचा स्टॉक चालतो, पण कोंबडीची चरबी गेल्यावर जी उणीव राहते ती चमचाभर लोण्याने भरून काढा. नाहीतर ते आजाऱ्याचं जेवण लागतं.

शूफ्लाय पाय: तळ ओला, पण कवच कच्चं नको

या पायचा 'ओला तळ' मुद्दामच असतो. खाली मोलॅसिसचा (काकवीसारख्या काळ्या पाकाचा) चिकट थर, मधे केकसारखा, वर मैदा-साखर-लोण्याचा चुरा. नवशिक्याला तळाचा थर दिसला की पाय कच्चा राहिला असं वाटतं आणि तो आणखी वीस मिनिटं आत ढकलतो. मग सगळाच कोरडा. मधे किंचित थरथरतो तेव्हाच काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नका.

चव कडू आली असेल तर बहुधा ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसिस वापरलंय. ते नको, सौम्य प्रकारचं घ्या. भारतात ते सहज मिळत नाही. आपली काकवी जवळची आहे, पण ती जास्त गोड आणि कमी करपट असते. म्हणून चुऱ्यातली साखर थोडी कमी करा आणि मिठाची चिमूट विसरू नका.

चुरा बुडून गायब होतो त्याची कारणं साधी आहेत. एक तर लोणी वितळलेलं होतं, किंवा सोडा घातलेलं मिश्रण ओट्यावर पडून राहिलं. गरम पाण्यात सोडा घातला की फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. मोलॅसिस घालून कोमट झाल्यावर अंडं फेटून घाला (कढत असताना घातलंत तर अंड्याच्या चिंध्या होतील). लगेच कवचात ओता, वर चुरा पसरा, ढवळू नका. कवच खालून पिठूळ राहत असेल तर पाय ओव्हनच्या खालच्या फळीवर ठेवा आणि पहिली दहा-बारा मिनिटं २०० अंश सेल्सिअस द्या, मग १७५ वर आणा. आणि हा गोड पदार्थ तिथे सकाळी कॉफीबरोबरही खातात, त्याबद्दल अपराधी वाटायचं कारण नाही.

ॲपल बटरमध्ये लोणी नसतं, एवढं आता बहुतेकांना ठाऊक झालंय. चूक होते ती आच मोठी ठेवण्यात. पसरट भांड्यात, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये, अर्ध्या अर्ध्या तासाने ढवळत आटवा. झालं की नाही हे बघायला थंड बशीत चमचाभर घाला. कडेने पाण्याची रेघ सुटली तर अजून आटायचंय. दालचिनी-लवंग शेवटीशेवटी घाला, आधी घातली तर आटता आटता उग्र होते. शरद ऋतूत हे मोठ्या तांब्याच्या कढईत, लांब दांड्याच्या लाकडी ढवळण्याने, सगळं कुटुंब पाळीपाळीने ढवळत करतं. तो तांब्याचा हट्ट घरी नको. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवू नये हे आपल्या आजीचंच म्हणणं, स्टील उत्तम.

बरण्या: इथे चूक परवडत नाही

इथवरच्या चुकांनी फार तर एक पाय वाया गेला असता. कॅनिंगची, म्हणजे पदार्थ बरणीत हवाबंद करून टिकवण्याची, गोष्ट वेगळी.

जुन्या घरगुती वह्यांत 'हिरव्या शेंगा बरणीत भरून तीन तास पाण्यात उकळा' असं लिहिलेलं सापडतं. तसं करू नका. शेंगा, मका, गाजर, मांस, रस्सा हे कमी आंबट पदार्थ आहेत. पीएच (आंबटपणाचं माप, आंबटपणा कमी तसा आकडा जास्त) ४.६ च्या वर असलेल्या बंद बरणीत बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू विष तयार करू शकतो आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत. त्यासाठी साधारण ११६ अंश लागतात, म्हणजे प्रेशर कॅनर. आपला शिट्टीचा कुकर त्याच्या जागी चालत नाही. तो लहान असतो, पटकन तापतो आणि पटकन निवतो, आणि कॅनिंगच्या वेळा त्या सावकाश तापण्या-निवण्यासकट ठरवलेल्या असतात. क्वार्टच्या (सुमारे लिटरभराच्या) चार बरण्या उभ्या मावतील एवढं भांडं हवं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे १००० फुटांच्या वर, त्यामुळे समुद्रसपाटीचे आकडे तिथे जसेच्या तसे लागू नाहीत. उंचीचा तक्ता बघूनच दाब आणि वेळ ठरवा. हे सगळं झेपत नसेल तर फ्रीझर वापरा. कित्येक आमिश कुटुंबंही शेजाऱ्याकडे भाड्याने फ्रीझर घेतात, आणि बऱ्याच घरांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो.

टोमॅटो सीमेवरचे असतात, म्हणून लिटरभराच्या बरणीला बाटलीतल्या लिंबूरसाचे दोन मोठे चमचे घालतात. ताजं लिंबू नको, त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो.

चाऊ-चाऊ म्हणजे शेंगा, फ्लॉवर, मका, घेवडा, मिरची असं जे बागेत उरलंय ते गोड-आंबट पाकात. इथे व्हिनेगर कमी करायचा मोह आवरा. अमेरिकन कृती ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरवर बेतलेल्या असतात, भारतात मात्र ४ टक्क्यांच्या आसपासचंही मिळतं. लेबल वाचा. कमी ताकदीचं असेल तर ते लोणचं फ्रिजमध्येच ठेवून थोड्या दिवसांत संपवा. आंबट फार वाटलं तर साखर वाढवा, व्हिनेगरमध्ये पाणी नको.

बीटच्या रसातली जांभळी अंडी दिसायला सुंदर, म्हणून ती काचेच्या बरणीत ओट्यावर मांडून ठेवावीशी वाटतात. १९९७ मध्ये इलिनॉय राज्यात बीट आणि मिरच्यांबरोबर मुरवलेली अशीच घरची अंडी खाऊन बोट्युलिझम झाला होता. त्या अंड्यांना टूथपिकने भोकं पाडलेली होती आणि बरणी फ्रिजबाहेर होती. अंडी टोचू नका, बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा.

सगळे मेनोनाइट एकच जेवत नाहीत

शूफ्लाय पाय शोधत कॅन्ससमधल्या किंवा मॅनिटोबातल्या मेनोनाइट गावात गेलात तर समोर येईल कोबीचं बोर्श्ट, पनीरसारखं सारण भरलेली वेरेनिके आणि कलिंगडाबरोबर तळलेली रोलकुखेन. हे लोक १८७० च्या दशकात रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनमधून आले. पेनसिल्व्हेनियावाले स्वित्झर्लंड-जर्मनीकडचे. आणि छत्तीसगडमधल्या धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये सुरू झालं, तिथले मेनोनाइट भातच खातात. पंथ एक असला तरी चूल ज्या त्या मातीची.

रशियाकडून आलेल्या मेनोनाइटांचे त्सविबाक म्हणजे एकावर एक बसवलेले दोन पाव. वरचा घसरून पडत असेल तर तो खालच्यापेक्षा लहान घ्या आणि बोट थेट तळापर्यंत दाबा. नुसतं वर ठेवून भागत नाही. रविवारी काम टाळायचं म्हणून हे शनिवारी भाजून ठेवतात.

पाहुणे म्हणून गेलात तर

मुख्य सूचना शाकाहाऱ्यांसाठी. 'भाजी' म्हणून आलेल्या शेंगांत हॅम असू शकतं, शेवया कोंबडीच्या रश्श्यात शिजलेल्या असतात, पायच्या कवचात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते. मांस नाही ना, असं विचारून उपयोग नाही. लार्ड, हॅम, चिकन रस्सा असं नाव घेऊन विचारा. चर्चच्या जेवणातलं पीनट बटर स्प्रेड बहुधा मार्शमॅलो क्रीम घालून करतात. त्या क्रीममध्ये अंड्याचं पांढरं असतं. घरी त्याऐवजी मार्शमॅलो वितळवलेत तर जिलेटिन आलं, आणि स्प्रेड निवल्यावर रबरासारखं ताणलं जाईल.

एखाद्या आमिश घरी जेवायचा योग आला तर ताट समोर येताच घास घेऊ नका. जेवणाआधी सगळे मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना करतात. जेवण झाल्यावरही तशीच दुसरी प्रार्थना असते. पाहुणे चुकतात ते तिथे, मधेच उठतात. फोटो माणसांचे नकोत, पायचे चालतील. 'सात गोड, सात आंबट' पदार्थ मांडलेलं टेबल घरात शोधू नका, ते पर्यटकांच्या हॉटेलातलं. रविवारी आमिश दुकानं बंद असतात, आणि शरद ऋतूत मंगळवार-गुरुवारी लग्नं असतात, तेव्हाही एखादा स्टॉल बंद मिळू शकतो. पाय हवा असेल तर शनिवारी सकाळी जा, दुपारपर्यंत ओल्या तळाचे संपलेले असतात.