दूध दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून: सी भाषेत क्रमांकांचा हॅश सेट

आमच्याकडे दिवसातून दोनदा दूध संकलन होतं. पाळी संपली की प्रत्येक गावच्या संस्थेकडून संघाच्या मशीनवर एक फाइल येते: कुठल्या सभासदाने किती लिटर घातलं, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) किती. मध्येच रेंज गेली तर फाइल अर्धीच पोचते, मग केंद्रावरून ती पुन्हा पाठवतात आणि आधी पोचलेल्या नोंदी दुसऱ्यांदा येतात. त्या गाळणारा प्रोग्राम मी सीमध्ये लिहिला आहे. त्याच्या पोटात आहे एक सेट: क्रमांक दिला की तो आधी आलाय का एवढंच सांगणारा.

सीच्या प्रमाणित लायब्ररीत असा सेट नाही. पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणात, ‘एचसर्च’ आहे, पण त्याचं प्रोग्रामभर एकच टेबल, आकार सुरुवातीला ठरलेला, किल्ली म्हणून फक्त स्ट्रिंग, आणि काढून टाकायची सोय नाही. आपल्याला लागणारा सेट दीड-दोनशे ओळींत होतो. स्वतः लिहा.

आधी आपले क्रमांक नीट बघा. माझ्याकडे एका पाळीतल्या नोंदीचा क्रमांक ६४ बिटांचा आहे. खालच्या १६ बिटांत सभासद क्रमांक, त्यावरच्या एका बिटात गाय की म्हैस, आणि त्याच्या वर संस्थेचा कोड. हा तपशील मी पहिल्यांदा महत्त्वाचा मानला नाही, आणि तिथेच अडकले.

रचना साधी ठेवा. स्ट्रक्टमध्ये पाच गोष्टी: ‘यूइंट६४_टी’ प्रकारच्या कप्प्यांचा अॅरे, कप्प्यांच्या संख्येचा घात, भरलेल्या कप्प्यांची संख्या, मास्क (खालचे ठरावीक बिट तेवढे ठेवणारी संख्या, कप्प्यांपेक्षा एकने कमी), आणि शून्य हा क्रमांक आलाय का ते सांगणारा एक झेंडा. कप्पे नेहमी दोनाच्या घातात: १६, ३२, ६४ असे. रिकाम्या कप्प्यात शून्य, त्यामुळे ‘कॅलॉक’ने जागा घेतली की टेबल तयारच मिळतं. शून्य हा खरा क्रमांक असू शकत नाही असं मात्र गृहीत धरू नका. केंद्रावर मशीन तपासताना कुणीतरी शून्याची नोंद पाठवतंच. त्यासाठी तो वेगळा झेंडा.

क्रमांक आला की हॅशवरून, म्हणजे त्या क्रमांकावर ठरावीक आकडेमोड करून मिळणाऱ्या संख्येवरून, त्याचा घरचा कप्पा ठरवायचा. तो रिकामा असेल तर क्रमांक तिथे ठेवायचा. तोच क्रमांक आधीच तिथे असेल तर नोंद दुसऱ्यांदा आली. दुसराच कुणी बसला असेल तर पुढच्या कप्प्यात बघायचं, शेवटच्या कप्प्यानंतर मास्क लावून पहिल्याकडे वळायचं. शेजारचे कप्पे मेमरीतही शेजारीच असतात. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो त्या ६४ बाइटांच्या एका कॅश लाइनमध्ये असे आठ क्रमांक मावतात, म्हणून दोन-चार पावलं पुढे जायला जवळपास काहीच लागत नाही. लिंक्ड लिस्टवाली पद्धत मला इथे पटत नाही: प्रत्येक नोंदीमागे एक मॅलॉक आणि एक पॉइंटर, तेही आठ बाइटांच्या क्रमांकासाठी.

आता घरचा कप्पा कसा ठरवायचा. माझ्या पहिल्या आवृत्तीत मी सरळ मास्क लावला होता, म्हणजे क्रमांकाचे खालचे १६ बिट घेतले. ६५,५३६ कप्पे, एका पाळीच्या सुमारे ३०,००० नोंदी, टेबल अर्धंही भरलेलं नाही. तरी प्रोग्राम रेंगाळायचा. खालच्या १६ बिटांत होता सभासद क्रमांक. दीडशे संस्था, प्रत्येकीत साधारण १ ते २०० सभासद. म्हणजे सगळ्या जिल्ह्याचं दूध पहिल्या दोनशे कप्प्यांच्या दारात येऊन उभं! तिथून ३०,००० नोंदींची एकच सलग रांग झाली, आणि नवीन येणारी प्रत्येक नोंद जवळपास ती सगळी रांग चालून शेवटी उभी राहायची. हिशेब केला तर ३०,००० चा वर्ग भागिले दोन, म्हणजे ४५ कोटी पावलं. साध्या अॅरेत प्रत्येक वेळी सुरुवातीपासून शोधलं असतं तरी एवढीच पडली असती.

उपाय गुणाकाराचा. दोनाच्या ६४ व्या घाताला सुवर्ण गुणोत्तराने, म्हणजे सुमारे १.६१८ ने भागलं की मिळते ११४००७१४८१९३२३१९८४८५ ही विषम संख्या. क्रमांकाला तिने गुणायचं. ‘यूइंट६४_टी’मध्ये ६४ बिटांच्या वरचा भाग आपोआप गळून पडतो, आणि चिन्हविरहित प्रकार असल्याने सीच्या नियमांतही ते बसतं. आणि मग कप्पा ठरवायला उत्तराचे *वरचे* बिट घ्यायचे. ६५,५३६ कप्पे असतील तर ४८ ने उजवीकडे सरकवायचं.

वरचे का, हे समजून घ्या, कारण गुणाकार करूनही पुन्हा मास्कच लावणारा कोड मी बऱ्याचदा बघितला आहे. शाळेतला गुणाकार आठवा. ३४७ गुणिले २३ चा एककाचा अंक फक्त ७ आणि ३ वर ठरतो, डावीकडच्या अंकांना तिथे काही बोलता येत नाही. बिटांचंही तसंच. गुणाकाराचे खालचे १६ बिट मूळ क्रमांकाच्या खालच्या १६ बिटांवरच ठरतात, म्हणजे पुन्हा फक्त सभासद क्रमांकावर. संस्थेचा कोड वरच्या बिटांतच उमटतो. माझ्या कोडमध्ये मास्कच्या जागी सरकवणं आलं, एक ओळ बदलली, आणि ती रांग मोडली.

सरकवताना एक काळजी: ६४ बिटांची संख्या ६४ ने सरकवणं सीमध्ये अव्याख्यित वर्तन आहे, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही. एकाच कप्प्याचं टेबल केलंत तर नेमकं तेच होईल. म्हणून सुरुवात १६ कप्प्यांपासून.

टेबल किती भरू द्यायचं? डोनाल्ड कनूथ यांनी १९६३ मध्ये याचं गणित मांडलं. चांगला हॅश धरला तर नसलेला क्रमांक शोधायला टेबल अर्धं भरलेलं असताना सरासरी २.५ कप्पे बघावे लागतात, पाऊण भरलं की ८.५, आणि नव्वद टक्क्यांना ५०.५. आमच्याकडे बहुतेक नोंदी नव्याच असतात, म्हणजे हाच शोध सतत होतो. म्हणून मी अर्ध्यावरच टेबल दुप्पट करते. ६५,५३६ कप्प्यांना लागतात ५१२ किलोबाइट. एवढ्यासाठी काटकसर नको.

दुप्पट करताना ‘रिअॅलॉक’ वापरू नका. कप्पे वाढले की प्रत्येकाचं घर बदलतं. नवा अॅरे ‘कॅलॉक’ने घ्या, तो मिळाला तरच जुन्यातला एकेक क्रमांक नव्याने बसवा, मग जुना मोकळा करा. जागा मिळाली नाही तर जुनं टेबल जसंच्या तसं शाबूत राहिलं पाहिजे.

म्हणूनच घालण्याच्या फंक्शनला तीन उत्तरं हवीत: नवा, आधीच आहे, मेमरी नाही. तिसऱ्यासाठी उणे एक परत केलंत आणि हाक मारणाऱ्याने नुसतं ‘इफ’ लिहिलं, तर सीमध्ये उणे एक म्हणजे खरंच. सेटमध्ये न गेलेला क्रमांक नवा ठरतो, आणि तीच नोंद परत आली की पुन्हा नवी. म्हणजे एका सभासदाला दोनदा पैसे. उलट बाजूने चुकलं तर कुणाचं तरी सकाळचं दूध हिशेबातून गायब. मी एनम करून तिन्हींना नावं दिली आणि हाक मारताना ‘स्विच’ लिहिला. याच कारणाने ब्लूम फिल्टर, म्हणजे थोड्या बिटांत अंदाजे उत्तर देणारा सेट, इथे चालत नाही. न आलेल्या नोंदीला तो कधीतरी ‘आली आहे’ म्हणणार, आणि ते दूध कुणाचं तरी असतं.

काढून टाकणं थोडं नाजूक. केंद्राने नोंद रद्द केली तर तो कप्पा नुसता शून्य करून चालत नाही, कारण त्यावरून पुढे गेलेले क्रमांक मग सापडत नाहीत. खड्डा पडला की पुढचे कप्पे एकेक बघा. तिथल्या क्रमांकाचं त्याच्या घरापासूनचं अंतर खड्ड्यापासूनच्या अंतराइतकं किंवा जास्त असेल तर त्याला खड्ड्यात आणा, आता त्याची जागा नवा खड्डा. रिकामा कप्पा लागला की थांबा आणि शेवटचा खड्डा शून्य करा. दोन्ही अंतरं वजाबाकीनंतर मास्क लावूनच काढा, नाहीतर टेबलाच्या टोकाला वळलेल्या रांगेत चूक होईल.

तपासणीसाठी मी खऱ्या पाळीची फाइल घेते, यादृच्छिक आकडे नाही. यादृच्छिक आकड्यांवर माझी पहिली आवृत्तीसुद्धा सुरेख पळत होती. तीच फाइल ‘क्यूसॉर्ट’ने लावून वेगळे क्रमांक मोजायचे आणि सेटच्या संख्येशी ताडायचे. शिवाय सर्वांत लांब शोध किती कप्प्यांचा झाला ते छापायचं.