सशुल्क ऑफिसला मोफत पर्याय निवडताना आधी आपल्या फायली पाहाव्यात

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या देणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. त्यामुळे या आवृत्त्यांवर काम करणाऱ्या आडत दुकानांना, क्लासेसना आणि तहसीलसमोरच्या झेरॉक्स-टायपिंगवाल्यांना आज ना उद्या निर्णय घ्यावा लागणार आहे. दरवर्षी वर्गणी भरणे हा एक मार्ग आहे. कोणाकडून तरी ‘क्रॅक’ मारून घेणे हा दुसरा, आणि तो आपल्याकडे सर्रास चालतो. मात्र प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती वापरणाऱ्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार किमान सात दिवसांच्या कैदेची आणि किमान पन्नास हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे, शिवाय क्रॅकसोबत व्हायरस येण्याची भीती असतेच. तिसरा मार्ग मोफत पर्यायाचा आहे, आणि पुढील विवेचन त्याच्यापुरतेच आहे.

कोणते सॉफ्टवेअर चांगले, हा प्रश्न आधी विचारू नये. आपली फाइल कोठून येते आणि कोठे जाते, हे प्रथम पाहावे. लातूरच्या एखाद्या आडत दुकानात सोयाबीनची पट्टी एक्सेलमध्ये होते. वजन, भाव, हमाली, तोलाई भरली की प्रिंट निघते आणि कागद शेतकऱ्याच्या हातात जातो. ती फाइल दुकानाबाहेर पडतच नाही, त्यामुळे तेथे कोणताही पर्याय चालेल. क्लासची प्रश्नपत्रिका मात्र तीन-चार शिक्षकांकडे फिरते आणि त्यांपैकी प्रत्येक जण तिच्यात समीकरणे घालतो किंवा बदलतो, म्हणून तेथे सर्वांनी एकाच वेळी एकच सॉफ्टवेअर घ्यावे. सर्वांत अवघड प्रकार ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा. वरिष्ठ कार्यालयाकडून आलेला, काही चौकटी कुलूपबंद आणि काहींत निवडयादी असलेला एक्सेलचा नमुना जसाच्या तसा भरून परत पाठवायचा असतो, आणि तो पलीकडे बिनचूक उघडलाच पाहिजे.

पर्यायांपैकी बहुतेकांना मी लिबरऑफिसच सुचवीन. ते २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले, द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते, दुकानात किंवा कार्यालयात वापरले तरी पैसे द्यावे लागत नाहीत, आणि ते इंटरनेटशिवाय चालते. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळाशिवाय अन्यत्र कोठूनही ते उतरवू नये. ओन्लीऑफिसची संगणकावर चालणारी आवृत्तीही मोफत आहे. तिची मांडणी वर्डसारखी असल्याने सवय लवकर होते, पण तिच्यात मराठी जोडाक्षरे नीट उमटतात का हे पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. गुगल डॉक्स, चेन्नईच्या झोहोचे रायटर आणि मायक्रोसॉफ्टचीच ब्राउझरमधली मोफत आवृत्ती, हे तिन्ही पर्याय अनेकांनी मिळून एकाच फायलीवर काम करण्यासाठी उत्तम आहेत, पण त्यांची बहुतेक भिस्त नेटवर असते. गावात नेट दुपारी जाते आणि संध्याकाळी येते अशी स्थिती असेल, तर मुख्य काम त्यांच्यावर टाकू नये. अपाचे ओपनऑफिस हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे, पण ते वर्डच्या आजच्या डॉकएक्स प्रकारात फाइल साठवू शकत नाही. ते सोडून द्यावे.

मराठी मजकुराकडे जास्त लक्ष द्यावे लागते, कारण बहुतेक तक्रारी तेथूनच उद्भवतात. लिबरऑफिसमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळा ठरवला जातो आणि रोमन अक्षरे व इंग्रजी अंक यांच्यासाठी वेगळा. शैलीच्या खिडकीत केवळ रोमनच्या रकान्यात फॉन्ट बदलला तर मराठी मजकूर तसाच राहतो, आणि वापरणारा म्हणतो, ‘हे सॉफ्टवेअर ऐकतच नाही.’ म्हणून ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या भागात जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीच्या रकान्यात) मराठी निवडावी आणि देवनागरीचा फॉन्ट एकदाच नेमून द्यावा. दुसरी अडचण मंगल फॉन्टची. नव्या विंडोजमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडल्याशिवाय मंगल येतोच असे नाही. तो नसला की त्याजागी दुसरा फॉन्ट बसतो, ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर जातो. दोष सॉफ्टवेअरचा नसतो, पण बोल त्यालाच लागतो. फॉन्ट तपासण्यासाठी ‘शेतकऱ्यांच्या’ आणि ‘राष्ट्रीयीकृत’ हे दोन शब्द टाइप करून प्रिंट काढावी. पडद्यावर पाहून भागत नाही.

शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली ही आणखी निराळी गोष्ट. त्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवलेली असतात, फॉन्ट केवळ त्यांना मराठीचे रूप देतो. अशी फाइल दुरुस्त करताना ‘ऑटोकरेक्ट’ चालू असेल, तर वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल होते आणि मराठीत भलतेच अक्षर उमटते. ती सोय आधी बंद करावी, आणि जमेल तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरेच साठवणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणून घ्यावा.

हिशेबाच्या कामात आधी लिबरऑफिसचे ‘लोकेल’, म्हणजे तारखा-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ती निवड, इंग्रजी (इंडिया) असे ठेवावे, अन्यथा अमेरिकी पद्धतीत ५/६ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे अशी वाचली जाते, आणि उचलीच्या तारखा चुकल्या तर मुकादमाशी वाद ठरलेला. लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर आकड्याच्या फॉरमॅटमध्ये #,##,##0 असा नमुना द्यावा. एक्सलुकअप, फिल्टर यांसारखी नवी सूत्रे लिबरऑफिसमध्ये ऑगस्ट २०२४ च्या २४.८ या आवृत्तीपासून आली आहेत, त्यामुळे कोणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली जुनी आवृत्ती बसवू नये. मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, असलेल्या फायलींची मात्र खात्री देता येत नाही. काही चालतात, काही अडतात, आणि ब्राउझरमधील मोफत एक्सेलमध्ये तर त्या चालतच नाहीत. ज्यांचे पगारपत्रक मॅक्रोवर उभे आहे, त्यांनी एका संगणकावर सशुल्क परवाना ठेवून बाकीचे संगणक बदलावेत; सर्वच बदलण्याचा हट्ट धरण्यात हशील नाही.

प्रत्यक्ष चाचणी आपल्याच फायलींवर घ्यावी, आणि तीही सर्वांत किचकट फायलींवर. मूळ फाइल बाजूला ठेवून तिची प्रत नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, एक-दोन बदल करून त्याच प्रकारात साठवावी, मग ज्याच्याकडे मूळ ऑफिस आहे त्याच्याकडे ती उघडून दोन्हींच्या प्रिंट शेजारी ठेवाव्यात. बेरजा, पानांची संख्या, तक्त्यांच्या रेषा आणि निवडयाद्या जुळल्या की काम झाले. कॅलिब्री फॉन्ट नसल्यास लिबरऑफिस त्याच मापाचा कार्लिटो वापरते, त्यामुळे इंग्रजी मजकूर सहसा हलत नाही.

पसंती पक्की झाल्यावर ‘लोड/सेव्ह’ या भागात नेहमीचा प्रकार डॉकएक्स आणि एक्सेलचा एक्सएलएसएक्स असा ठरवून ठेवावा, म्हणजे समोरच्याकडे लिबरऑफिसच्या स्वतःच्या ओडीटी प्रकारातली फाइल जाऊन ‘उघडत नाही’ असा फोन येणार नाही. ज्या फायलीत पुढे कोणी बदल करायचा नाही ती पीडीएफ करूनच पाठवावी. जुने ऑफिस लगेच काढून टाकू नये; ३१ मार्चचा हिशेब नव्यावर एकदा पूर्ण होऊ द्यावा आणि मगच ते काढावे.