स्मार्ट टीव्हीतील आधीपासून असलेली अ‍ॅप्स आणि आपल्या पाहण्याची नोंद : काय, कुठे, कसे बंद करावे

नवा टीव्ही भिंतीवर बसवून झाला की पडद्यावर तीन-चार संमतीपत्रे एकामागून एक येतात, आणि ‘सर्व मान्य’ हे बटण आधीच उजळलेले असते. अनेक घरांत ते बटण ग्राहक नव्हे, तर टीव्ही बसवायला आलेला आणि पुढच्या घरी जाण्याच्या घाईत असलेला माणूस दाबतो. त्या एका दाबण्याने दिलेल्या परवानग्या कशा काढून घ्यायच्या, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. यूट्यूब, नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओ यांसारखे अ‍ॅप आपण त्यात काय पाहतो याची नोंद स्वतःपुरती ठेवते. टीव्हीची स्वतःची नोंद मात्र निराळी असते. एसीआर (ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, म्हणजे पडद्यावर काय चालले आहे ते आपोआप ओळखणे) नावाच्या तंत्राने टीव्ही पडद्यावरील चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने घेतो, त्यांचा ठसा तयार करून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि तेथे तो कोणत्या कार्यक्रमाशी जुळतो ते तपासले जाते. त्यामुळे सेट-टॉप बॉक्सवरची मालिका काय किंवा एचडीएमआय केबलने जोडलेला लॅपटॉप काय, दोन्ही या नजरेत येऊ शकतात. केवळ नको असलेली अ‍ॅप्स काढून समाधान मानणाऱ्यांचे येथेच चुकते. म्हणून सुरुवात टीव्हीपासून करावी.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने २०१४ पासून सुमारे १.१ कोटी टीव्हींवरून प्रेक्षकांच्या नकळत पाहण्याची माहिती गोळा केल्याचे प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटवले. २०२४ साली लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिद येथील विद्यापीठांतील संशोधकांनी सॅमसंग व एलजीच्या टीव्हींची तपासणी केली, तेव्हा टीव्ही केवळ बाहेरचा पडदा म्हणून वापरला जात असतानाही ठसे पाठवले जात असल्याचे त्यांना आढळले. त्याच अभ्यासातली दिलासादायक बाब अशी की सेटिंगमध्ये नकार नोंदवल्यावर ही पाठवणी थांबली. म्हणजे पुढचा खटाटोप वाया जाणारा नाही.

सॅमसंगच्या टीव्हीत ‘सेटिंग्ज’मधून ‘टर्म्स अँड प्रायव्हसी’ आणि त्यातील ‘प्रायव्हसी चॉइसेस’ येथे जाऊन ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ व ‘इंटरेस्ट-बेस्ड अ‍ॅड्स’ या दोन्हींसमोरची खूण काढावी. एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ (एलजीच्या एसीआरचे नाव) बंद करावे आणि ‘यूजर अ‍ॅग्रीमेंट्स’मध्ये पाहण्याच्या माहितीविषयीची संमती मागे घ्यावी. सोनीच्या काही टीव्हींत ही नोंद ‘सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही’ या नावाने घेतली जाते, तेही बंद करावे. मेन्यूची मांडणी दरवर्षीच्या मॉडेलनुसार बदलते, त्यामुळे सांगितलेली वाट सापडली नाही तर ‘प्रायव्हसी’, ‘व्ह्यूइंग’, ‘अ‍ॅड्स’ आणि ‘अ‍ॅग्रीमेंट’ हे शब्द शोधावेत.

आपल्याकडे खपणाऱ्या बऱ्याच टीव्हींत गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही ही प्रणाली असते. तेथे ‘यूसेज अँड डायग्नॉस्टिक्स’ बंद करावे आणि ‘अ‍ॅड्स’मध्ये जाऊन जाहिरात-ओळखक्रमांक पुसून टाकावा. वेगवेगळ्या अ‍ॅप्सना एकाच घराची माहिती जुळवता येते ती बरीचशी या क्रमांकामुळे. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीत ‘प्रेफरन्सेस’खालील ‘प्रायव्हसी सेटिंग्ज’मध्ये उपकरणाचा वापर, अ‍ॅप्सचा वापर आणि आवडीनुसार जाहिराती अशी तीन बटणे असतात. तिन्ही बंद करावीत.

आता अ‍ॅप्सकडे वळावे. कारखान्यातूनच आलेली अनेक अ‍ॅप्स काढून टाकण्याची सोय नसते, पण अँड्रॉइडच्या टीव्हीत ‘अ‍ॅप्स’च्या यादीत त्यांच्यापुढे ‘डिसेबल’ हा पर्याय बहुधा मिळतो. न वापरलेले प्रत्येक अ‍ॅप तेथून निष्क्रिय करावे. तो पर्यायच फिका दिसत असेल तर ‘क्लिअर डेटा’ करून मायक्रोफोनसह सर्व परवानग्या काढाव्यात आणि त्या अ‍ॅपमध्ये कधीही लॉग-इन करू नये. जी अ‍ॅप्स रोज लागतात त्यांची नोंद पूर्ण थांबवता येत नाही. तरी यूट्यूबचा पाहण्याचा इतिहास थांबवता येतो आणि नेटफ्लिक्सच्या खात्यातून पाहिलेली शीर्षके लपवता येतात.

या सगळ्याने जाहिराती कमी होत नाहीत, फक्त त्या आपल्या आवडीनिवडीवर बेतलेल्या राहत नाहीत. सुचवण्या थोड्या बेचव होतात. माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे. राऊटरवरून संशयास्पद सर्व्हर अडवण्याची ‘पाय-होल’सारखी साधनेही आहेत, पण त्यामुळे कधीकधी हवी ती अ‍ॅप्सही अडखळतात, म्हणून सामान्य घरासाठी त्यांचा आग्रह मी धरणार नाही. ज्यांच्याकडे टीव्ही केवळ केबलसाठी आहे, त्यांनी त्याला वाय-फायचा पासवर्डच देऊ नये. याहून खात्रीचा उपाय नाही. सॉफ्टवेअर अपडेटनंतर मात्र सर्वांनीच सेटिंग्ज पुन्हा तपासाव्यात.

कायद्याची बाजूही उपयोगाची आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, आणि १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवरही कंपनीच्या गोपनीयता धोरणात दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर आपली माहिती पुसण्याची लेखी मागणी करून तिची प्रत जपून ठेवावी.

जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये देताना प्रत्येक अ‍ॅपमधून बाहेर पडून मग ‘फॅक्टरी रीसेट’ करावे, आणि तो दुकानात पोहोचण्याआधी मोबाइलवरून गुगल व नेटफ्लिक्सच्या खात्यांतील उपकरणांच्या यादीतून त्याचे नाव काढावे.