मलमाचं नंतर बघू, आधी पायावरचा भार काढा

सरकारी रुग्णालयात ड्रेसिंग करता करता निवृत्त झालेली मी सिस्टर. आता गल्लीतले लोक पाय घेऊन घरी येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, मलम कुठलं लावू?"

शुगरवाल्याची तळपायाची जखम रखडते ती बहुतेक वेळा मलमामुळे नव्हे, तर माणूस त्याच जखमेवर उभा राहून शेतात, दुकानात, देवळात जातो म्हणून. दुखत नाही ना! नसा बधिर झालेल्या. दुखलं असतं तर लंगडला असता, तेवढाच जखमेला विसावा.

म्हणून जखम दिसली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. घोट्याजवळची नाडी लागते का ते बघायला सांगा, शंका असेल तर डॉपलर करतात, म्हणजे रक्त वाहतंय का ते यंत्राने तपासतात. पायाला रक्तच पोचत नसेल तर वरून काहीही लावा, उपयोग नाही. आणि हो, बिडीबरोबर मिश्रीही सुटली पाहिजे. "मी फक्त दात घासते" म्हणणाऱ्या मावश्यांना सांगते, तंबाखूच ती, रक्तवाहिन्या आवळणारच.

रक्तपुरवठा ठीक असेल तर भार काढायला गुडघ्यापर्यंतचं खास प्लास्टर किंवा बूट देतात. ते मिळेपर्यंत वॉकर घ्या आणि चालणं संडासापुरतं ठेवा. तिथेही उकिडवं बसलं की चवड्यावर जोर येतो, म्हणून कमोडची खुर्ची आणा. जखम टाचेला असेल तर उशी पोटरीखाली घ्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

ड्रेसिंग डॉक्टर सांगतील तसं, तेवढ्या वेळा. हात साबणाने धुवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाइनने भिजवून सोडवा. जखम नॉर्मल सलाइननेच धुवा. फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना बरं वाटतं, पण त्यात नवी कोवळी कातडीही जळते. हळद, कॉफी, चुना, राख यांतलं काही नको. गरम पाण्यात पाय बुडवणं तर मुळीच नको, बधिर पायाला चटका कळत नाही. जखम उघडी ठेवून वाळवायची हाही गैरसमज आहे: किंचित ओलसर, झाकलेली जखम लवकर भरते. भोवतीचा घट्टा ब्लेडने घरी कापू नका, ते काम डॉक्टरांचं. आठवड्यातून एकदा शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर उपचार बदलायला हवेत, ते तुम्हीच डॉक्टरांना विचारा.

शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. अशा वेळी डॉक्टर इन्सुलिन सुरू करतात आणि घरात रडारड होते, "एकदा लागलं की सुटत नाही" म्हणून. जखम भरल्यावर कित्येकांचं कमी होतं, काहींचं बंदही होतं. भात कमी करा, पण त्याबरोबर डाळ, मटकी, अंडी, दही, मासे कमी करू नका, कातडी प्रथिनांतूनच बनते. किडनीचा त्रास असेल तर किती खायचं ते मात्र विचारून.

लाली जखमेपासून पसरत चालली, वास आला, पू आला, बोट काळं पडलं, ताप आला किंवा शुगर अचानक उसळली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच दवाखान्यात जा. बधिर पायात आतून सडतं तरी बोंब होत नाही.

जखम भरली की लोक मोकळे होतात. पण बऱ्या झालेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना वर्षाच्या आत परत जखम होते. म्हणून रोज रात्री तळवे आरशात बघा किंवा नातवाला बघायला सांगा. पोरांची नजर चांगली असते. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, खोबरेल तळव्याला लावा, बेचकीत नको. अनवाणी देवदर्शनाचा नवस देवाला सांगून सोडवून घ्या. दुपारची फरशी कुणाची भीड ठेवत नाही. कोल्हापुरी कपाटात ठेवा, तिचा अंगठा घासतो आणि तळ कडक असतो. एमसीआर नावाच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, घालण्याआधी आतून हात फिरवा. आणि खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, माप खरं येतं.