डॉकवर लागलेली गाडी जागची हलू नये म्हणून काय करायचं

आपल्या नागपूरकडं बुटीबोरी घ्या, हिंगणा एमआयडीसी घ्या, नाहीतर वाडीचे गोडाऊन, सगळीकडं प्रकार एकच. गाडी रिव्हर्समधे डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला लागली, ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला, क्लीनरनं एक दगड चाकाखाली सरकवला आणि चला, फोर्कलिफ्ट आत. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून तं ही सवय सुटत नाही.

पण होतं काय ते समजून घ्या. अडीच टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन साडेतीन-चार टनाच्या आसपास असते, वरून पॅलेट, म्हणजे सहाएक टन लोखंड गाडीत शिरते आणि आत जाऊन ब्रेक मारते. तो झटका गाडीला पुढं ढकलतो, थोडासाच, डोळ्याला दिसत पण नाही. पण असं प्रत्येक फेरीला होऊन राहिलं तं गाडी हळूहळू डॉकपासून सुटत जाते, आणि डॉक लेव्हलरची, म्हणजे ओट्यावरून गाडीत जायच्या वर-खाली होणाऱ्या लोखंडी पुलाची, लिप (पुढची पट्टी) गाडीच्या फळीवर निदान चार इंच टेकलेली पाहिजे ती दोनवर येते, मग काठावर, आणि एक दिवस फोर्कलिफ्टचं पुढचं चाक खाली. एअर सस्पेन्शनच्या (हवेच्या फुग्यांवर टेकलेल्या) गाड्यांमधे हे जास्त, कारण गाडी वर-खाली पण होत राहते. पाट्यांच्या (लोखंडी स्प्रिंगच्या) गाड्यांमधे कमी, पण होतेच. त्यात आपल्याकडं पाणी आत येऊ नये म्हणून कितीतरी ठिकाणी डॉकसमोरचा उतार बाहेरच्या बाजूला दिलेला असतो, म्हणजे गाडीला पुढं जायला आयतीच मदत.

दुसरी भानगड ड्रायव्हरची. नागपूरवरून ४४ नंबरचा हायवे जाते, श्रीनगर ते कन्याकुमारी, आणि ५३ नंबरचा पण, त्यामुळं डॉकवर पंजाबचा माणूस असतो, तामिळनाडूचा असतो, छत्तीसगडचा असतो. आतून कोणी "हो गया" ओरडलं, ते खरंतर दुसऱ्या डॉकसाठी होतं, हा गाडी घेऊन निघाला. फोर्कलिफ्टवाला अजून आतच. यात ड्रायव्हरला शिव्या देऊन काही होत नाही बा, त्याला आतलं दिसतच नाही.

म्हणून गाडी सोडायचा कंट्रोल आतल्या माणसाच्या हातात पाहिजे, ज्याचा जीव डॉक आणि गाडीच्या मधल्या फटीवर आहे त्याच्या. व्हेइकल रिस्ट्रेंट म्हणजे तेच, गाडीला डॉकशी लॉक करणारी वस्तू, आणि तिचं बटन आत.

दोन मुख्य प्रकार येतात. एक हूकवाला, डॉकच्या भिंतीला बसतो आणि गाडीच्या मागच्या अंडररन बारला (छोटी गाडी मागून खाली घुसू नये म्हणून लावलेल्या आडव्या बारला) खालून पकडतो. दुसरा चाकवाला, जमिनीवर रेल असते आणि मागच्या चाकापुढं एक आर्म किंवा ब्लॉक उभा राहतो. कॅटलॉगमधे हूकवाला छान दिसते, स्वस्त पण पडते, पण ऑर्डर द्यायच्या आधी आठवडाभर गेटवर उभं राहून येणाऱ्या गाड्यांच्या मागचा बार बघा. नियमात हा बार जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको, पण प्रत्यक्षात वाकलेला, वेल्डिंग मारून वर घेतलेला, नाहीतर मागं पूर्ण पत्रा असलेला सापडते, मग हूक पकडणार कशाला? स्वतःच्या ठरलेल्या कंटेनर गाड्या असतील तं हूकवाला बिनधास्त घ्या. बाजारातून मिळेल ती गाडी लावत असाल तं चाकवालाच घ्या, सिव्हिलचं काम निघते आणि गाडी सरळ लागावी म्हणून जमिनीला पिवळे गाईड पाईप लागतात, खर्च होते, पण निदान कामी येते. चाक तं सगळ्याच गाड्यांना असते.

वापरायचा क्रम असा. गाडी डॉकच्या रबरी बंपरला पूर्ण टेकू द्या, हँडब्रेक, इंजिन बंद, मग रिस्ट्रेंट लॉक, मग लेव्हलर, मग फोर्कलिफ्ट. सोडताना उलटं, आधी फोर्कलिफ्ट बाहेर, मग लेव्हलर जागेवर, मग रिस्ट्रेंट मोकळं. हा क्रम पोरांच्या आठवणीवर ठेवू नका, इलेक्ट्रिशियनला सांगून इंटरलॉक करून घ्या, लॉक लागल्याशिवाय लेव्हलर उचललाच नाही पाहिजे.

लाईटचं नीट समजावून सांगा, नवीन पोरं इथंच गोंधळतात. लॉक असताना आत हिरवा, बाहेर लाल. सुटलं की आत लाल, बाहेर हिरवा. म्हणजे दोघांना एकाच वेळी हिरवा कधीच नाही. बाहेर बोर्ड हिंदीत लावा आणि चित्र काढा, आणि भिंतीवर उलट्या अक्षरात पण रंगवा म्हणजे ड्रायव्हरला आरशात सरळ वाचता येते. मे महिन्यात दुपारच्या उन्हात बाहेरचा लाईट लागला का नाही ते समजतच नाही, त्याच्यावर पत्र्याची टोपी बसवा.

आता ज्यांच्याकडं लेव्हलर नाही, नुसता ओटा आणि लोखंडी प्लेट, हमाल लोकं हातगाडीनं माल भरून राहिले, त्यांनी काय करायचं? रबरी व्हील चॉक (चाकाला लावायची पाचर) घ्या, दोन, साखळीनं भिंतीला बांधलेले, नाहीतर पहिल्याच महिन्यात कोणाच्या तरी गाडीत निघून जातात. मागच्या दोन्ही बाजूच्या चाकांना लावा आणि चाकाच्या पुढच्या बाजूनं. मागून दगड लावणारे इतके दिसतात की काय सांगू, अरे मागं तं ओटाच आहे, गाडी तिकडं जाणार कुठं! दुसरं, गाडीची चाबी. ती सुपरवायझरकडं जमा, डॉक नंबरच्या खिळ्यावर, आणि बिल्टीसोबतच (मालाच्या कागदासोबत) परत. ड्रायव्हर कुरकुर करतात, एसी बंद होते म्हणतात, तं त्यांच्यासाठी पंखा, बाकडं आणि थंड पाण्याची सोय करा, भांडणं निम्मी कमी होतात.

हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनवाली गाडी) सोडून नुसता ट्रेलर उभा असेल तं रिस्ट्रेंटवर विसंबू नका. ते गाडी पुढं जाऊ देत नाही, पण फोर्कलिफ्ट पार नाकापर्यंत गेली आणि पुढचे पाय बसले तं ट्रेलर तोंडावर पडते. तिथं पुढून वेगळा स्टँड पाहिजेच.

देखभाल म्हणजे मुख्यतः झाडू. रेलमधे स्ट्रेच फिल्म, प्लास्टिक पट्टी, खिळे आणि पावसाळ्यात चिखल जाऊन बसते, आर्म अर्धाच वर येतो आणि सेन्सर मात्र लॉक दाखवते. रोज सकाळी साफ करा आणि गाडी नसताना एकदा वर-खाली करून बघा. सेन्सर काळ्या टेपनं झाकून आत हिरवा मिळवणारे हुशार लोकं प्रत्येक गोडाऊनमधे असतात, त्यामुळं टेप दिसली की काम थांबवा.

कधीतरी लॉक लागणारच नाही अशी गाडी येईलच. अशा वेळी बायपासची (लॉक नसताना लेव्हलर चालवायची) चाबी फक्त शिफ्ट सुपरवायझरकडं, दोन्ही चॉक त्यानं स्वतः बघायचे, गाडीची चाबी खिशात घ्यायची, फोर्कलिफ्टवाल्याला तोंडी सांगायचं, आणि गाडी नंबर रजिस्टरमधे लिहायचा. एकाच ट्रान्सपोर्टच्या गाड्या तिथं वारंवार दिसल्या की त्याला बार नीट करून आणायला लावा.