ई-चलान आल्यावर काय करावे: साताऱ्यातील वाहनचालकांसाठी

साताऱ्यात वाहनांच्या विम्याची आणि आरटीओच्या कागदपत्रांची कामे करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे दंडाची तक्रार घेऊन येणारी माणसे मला जवळजवळ रोज भेटतात. बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच असते: पोवई नाक्यावरून दिवसभर माणसे बिनहेल्मेटची जातात, मग नेमके आम्हालाच का धरले? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. नाकाबंदी कधी असते, कधी नसते; जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात तपासणी वाढते आणि नंतर पुन्हा सैल पडते; उसाचा हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांची चर्चा होते आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तीही थांबते. मात्र या सैलपणावरून कायदाच सैल आहे असे जो समजतो, तो पुढे फसतो. पूर्वी पावती फाडली की प्रकरण मिटत असे. आता रस्त्यावर कोणी न अडवताही वाहनाच्या क्रमांकावर ई-चलानाची, म्हणजे दंडाची ऑनलाइन, नोंद होते, ती वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि गाडी विकायला काढली की उभी ठाकते. कडकपणा आता चौकात कमी आणि नोंदवहीत जास्त आहे, एवढे लक्षात ठेवून पुढची कामे करावीत.

पहिले काम चलान येण्याच्या आधीचे आहे. ई-चलानाचा संदेश आरसीवर (वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर जातो, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या आरसीला गाडी घेतली त्या वेळचा, आता बंद पडलेला, किंवा चक्क विक्रेत्याच्या दुकानातला क्रमांक जोडलेला असतो. अशा माणसाला चलान झाल्याचे कळतच नाही. म्हणून परिवहन विभागाच्या ‘वाहन’ नावाच्या संकेतस्थळावर जाऊन आपला चालू क्रमांक नोंदवून घ्यावा. तसेच महिन्या-दोन महिन्यांतून एकदा राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर वाहन क्रमांक आणि चॅसिस क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून थकबाकी पाहावी. हे अंक आरसीवर छापलेले असतात, त्यांसाठी गाडीखाली वाकण्याची गरज नाही.

चलान दिसले की माणूस आधी रक्कम पाहतो. माझे सांगणे असे, की आधी छायाचित्र पाहावे. गाडी आपलीच आहे का, क्रमांक पूर्ण वाचता येतो का, ठिकाण आणि वेळ जुळते का, आणि लावलेला गुन्हा त्या छायाचित्रात खरोखर दिसतो का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, कारण तडजोड शुल्क (न्यायालयात न जाता प्रकरण मिटवण्यासाठी भरायची रक्कम) भरले म्हणजे गुन्हा मान्य केला असा त्याचा अर्थ होतो आणि नंतर केलेल्या तक्रारीला बळ राहत नाही.

कोरेगाव तालुक्यातील एक शेतकरी काका भाजीच्या पिकअपची आरसी घेऊन आले होते. चलान पुण्यातील एका सिग्नलवरचे आणि कारण ‘विना हेल्मेट’. “आवो, माझ्या गाडीला चार चाकं हायत, हेल्मेट कुटं घालू मी?” असे म्हणत त्यांनी मोबाइल टेबलावर आपटला. छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा एक करडी स्कूटर दिसली. तिच्या मागच्या पाटीवर चिखलाचा शिंतोडा उडाला होता आणि शेवटच्या तीनच्या आकड्याची डावी बाजू त्या चिखलाने बंद झाल्यामुळे तो आठ वाटत होता. यंत्रात आठच टाकला गेला आणि दंड काकांच्या पिकअपला चिकटला. आम्ही चलानाचे छायाचित्र, आरसीची दोन्ही बाजूंची प्रत आणि पिकअपचे पुढून व मागून काढलेले फोटो जोडून महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवली. तिचा मजकूर एवढाच होता: ‘सदर चलानातील छायाचित्रात दुचाकी दिसत असून माझ्या नावावरील वाहन चारचाकी मालवाहू आहे. आरसीची प्रत सोबत जोडली आहे. क्रमांक वाचण्यात चूक झाली असल्याने चलान रद्द करावे.’ काही आठवड्यांनी चलान रद्द झाले.

तक्रार अशीच असावी, थोडक्यात आणि पुराव्यासह. याउलट एका शिक्षकांनी नो पार्किंगच्या चलानावर दीड पान लिहिले होते: सासूबाईंची प्रकृती, औषधाच्या दुकानातील गर्दी, आपली पंचवीस वर्षांची निष्कलंक सेवा. गाडी मात्र फलकाखालीच उभी दिसत होती. तक्रार फेटाळली गेली आणि ते योग्यच झाले, असे मी त्यांना तोंडावर सांगितले. सवलतीची विनंती आणि चूक झाल्याची तक्रार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ॲपवरच्या तक्रारीचा निकाल पटला नाही, तर ज्या शाखेने चलान केले तिच्याकडे लेखी अर्ज द्यावा. म्हणजे पुण्यातील चलानासाठी साताऱ्याच्या वाहतूक शाखेत हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. तेथेही दाद मिळाली नाही, तर न्यायालयात बाजू मांडण्याचा मार्ग उरतोच.

या टप्प्यावर दोन नियम माहीत असलेले बरे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जोडलेल्या १६७ अ या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवली पाहिजे आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत तो पुरावा जपून ठेवला पाहिजे. दुसरे म्हणजे, पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान करण्याच्या पद्धतीवर पुष्कळ तक्रारी झाल्यानंतर, जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने खासगी मोबाइलच्या अशा वापराला मनाई केली. चलानातील छायाचित्र कोठून कसे आले याबद्दल शंका असेल, तर ती तक्रारीत एका वाक्यात लिहावी. भर रस्त्यात त्यावरून हुज्जत घालू नये.

रस्त्यावर अडवले गेल्यास काय करावे, हे थोडक्यात सांगतो. गाडी डाव्या कडेला घेऊन बंद करावी. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर लायसन्स दाखवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार बंधनकारक आहे. डिजिलॉकरमधील किंवा एम-परिवहन ॲपमधील कागदपत्रे मूळ कागदांसारखीच ग्राह्य असतात, मात्र त्यांचा गॅलरीत ठेवलेला स्क्रीनशॉट पुढे करून चालत नाही. खंडाळ्याजवळ किंवा घाटात रेंज दगा देते, म्हणून लांबच्या प्रवासाला मी अजूनही मूळ लायसन्स खिशात ठेवतो. “साहेब, जाऊ द्या की, गावातलाच हाय” हे वाक्य कधी कधी चालते, हे मी नाकारत नाही. पण रोख पैसे देऊन पावती न घेण्याचा मार्ग धरू नये. ती लाच ठरते आणि देणाराही तितकाच अडकतो. शिवाय मशीनवर आधीच चलान झालेले असेल, तर पैसे जातात आणि नोंदही राहते. असा दुहेरी भुर्दंड सोसलेली दोन माणसे माझ्या ओळखीची आहेत.

आता रकमांविषयी. मोटार वाहन कायदा १९८८ चा असून त्यातील मोठी सुधारणा १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली. महाराष्ट्राने वाढीव तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. ज्या गुन्ह्यांना वेगळे कलम नाही, त्यांच्यासाठी कलम १७७ आहे. त्यात पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १५०० रुपये दंड आहे. ‘मागच्या वेळी पाचशे होते, या वेळी पंधराशे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच कलमात सापडते. वाहन चालवताना मोबाइल वापरल्यास राज्यात दुचाकीला १००० आणि चारचाकीला २००० रुपये आहेत. विमा नसल्यास कायद्यात पहिल्या वेळी २००० आणि पुढे ४००० रुपये दंड आहे, आणि माझा व्यवसाय विम्याचा असला तरी येथे स्वार्थाशिवाय सांगतो, की हा दंड सगळ्यात किरकोळ भाग आहे. विमा नसताना अपघात झाला तर नुकसानभरपाई मालकाच्या जमिनीवर येते.

हेल्मेटबाबत लोक फक्त पाचशे रुपयांचा विचार करतात. प्रत्यक्षात कलम १९४ ड मध्ये दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, आणि कलम १२९ नुसार हेल्मेट चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागते. चार वर्षांवरील मूलही त्यातून सुटत नाही. ‘जवळच तर जायचे आहे’ हे सातारकरांचे आवडते कारण कायद्यात कुठेही नाही.

काही प्रकरणे ॲपवर पैसे भरून मिटत नाहीत. मद्य पिऊन वाहन चालवण्याचा गुन्हा थेट न्यायालयात जातो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तेथे वकील करावा, एजंटाकडे जाऊ नये, माझ्याकडेही नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देण्याचा गुन्हा तर मला सर्वांत भयंकर वाटतो, कारण दहावीच्या मुलाला क्लासला जाण्यासाठी बुलेट देणे ही आपल्याकडे प्रतिष्ठेची बाब झाली आहे. कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

महामार्गावरील वेगाची चलाने हा स्वतंत्र विषय आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीसाठी कमाल मर्यादा ताशी १०० आणि दुचाकीसाठी ८० किलोमीटर आहे, हे खरे. परंतु एखाद्या टप्प्यावर त्याहून कमी मर्यादेचा फलक लावलेला असेल, तर तोच धरायचा असतो. पुणे–बेंगळुरू महामार्गावर घाट, वळणे, उड्डाणपूल आणि गावाजवळचे फाटे येथे मर्यादा बदलते आणि चालकाचा पाय मात्र तसाच राहतो. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यापुढे पुण्याच्या दिशेने असलेले एस आकाराचे उताराचे वळण अपघातांसाठी किती कुप्रसिद्ध आहे, हे सातारकरांना सांगायला नको. वाढे फाट्यासारख्या ठिकाणी सेवा रस्त्यावरून उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी मी रोज पाहतो. वळसा वाचतो खरा, पण तेथे झालेले चलान लढवण्यासारखे कधीच नसते, कारण छायाचित्रात सगळे दिसते.

नंबरपाटीवर आकड्यांची वळणे बदलून ‘दादा’ वाचता येईल अशी कलाकुसर करणाऱ्यांनी तर आधी पाटी बदलावी. नोंदणी क्रमांक ठरलेल्या आकाराच्या इंग्रजी अक्षर-अंकांतच असावा लागतो, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा पाटी बसवणे सक्तीचे आहे.

जुनी गाडी विकताना सर्वांत जास्त घोटाळे होतात. माझ्या एका परिचिताने आपली मोटारसायकल माण तालुक्यातील एकाला स्टॅम्पपेपरवर लिहून दिली, टीटी फॉर्मवर (मालकी हस्तांतराच्या अर्जावर) सह्या केल्या आणि विषय संपला असे मानले. घेणाऱ्याने फॉर्म कपाटात ठेवला. पुढची दोन वर्षे ट्रिपल सीट, सिग्नल तोडणे, नो पार्किंग अशी सगळी चलाने परिचितांच्या मोबाइलवर येत राहिली. कायद्याच्या दृष्टीने नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणातही हेच मान्य केले आहे. म्हणून विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावे आणि आरसीवर नाव बदललेले स्वतः ऑनलाइन पाहावे. घेणाऱ्यानेही सौद्याआधी चलान तपासावे, कारण हस्तांतराच्या वेळी थकबाकी आडवी येते आणि मग ती कोणी भरायची यावरून भांडण होते.

थकलेली चलाने राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात आणि तशी सूचना मोबाइलवर येते. लोकअदालतीत दंड निम्मा होतो अशी बोलवा असली, तरी सवलतीचा हक्क कोणालाही नाही, आणि तेथे झालेल्या तडजोडीवर अपील करता येत नाही. त्यामुळे ज्या चलानाविरुद्ध खरा पुरावा आहे, ते तेथे तडजोडीत घालू नये.

या सूचनांच्या आडून फसवणूकही जोरात चालते. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची ॲपची फाइल येते, ती उघडली की बँक खाते रिकामे होते. सरकार अशी फाइल कधीच पाठवत नाही. दुव्यातील संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ नसेल तर त्याला हात लावू नये, संकेतस्थळ स्वतः उघडून वाहन क्रमांक टाकावा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

चलान भरल्यावर पावती उतरवून तिची छापील प्रत आरसीच्या पाकिटात ठेवावी. पैसे खात्यातून जातात आणि नोंद मात्र थकीतच दिसते, असे मधूनमधून होते. अशा वेळी व्यवहार क्रमांक असलेली ती पावतीच वाहतूक शाखेच्या खिडकीत पुढे करावी लागते. काकांनी चलान रद्द झाल्याचा संदेशसुद्धा छापून घेतला आणि पिकअपच्या काचेमागे, विम्याच्या कागदाशेजारी चिकटवला आहे.