गेममधलं म्युझिक नीट कसं ऐकायचं

ऑनलाइन फँटसी गेममधे बरेच जण म्युझिक सरळ म्यूट करतात, कारण तलवारींच्या खणखणाटात ते ऐकूच येत नाही. त्यापेक्षा साउंड सेटिंगमधे इफेक्ट्स निम्म्यावर आणा आणि म्युझिक थोडं वर ठेवा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधे ट्रॅक संपला की मधे नुसती शांतता, तिथे लूप म्युझिकवर टिक करा. ओल्ड स्कूल रुनस्केपमधे ट्रॅक अनलॉक करावे लागतात, म्हणजे बरेचसे त्या त्या भागात गेलं की मिळतात, लिस्टमधे लाल नाव दिसलं तर क्लिक करा, कुठे मिळेल त्याची हिंट येते (मला हा प्रकार जाम आवडतो). फायनल फँटसी १४ मधे ऑर्केस्ट्रियन रोल (म्हणजे गेममधल्या गाण्यांच्या रेकॉर्डसारखी वस्तू) जमवा आणि इनच्या, म्हणजे गेममधल्या सरायच्या, रूममधे वाजवत बसा. रेडमधे (म्हणजे बरेच खेळाडू मिळून बॉसशी, मोठ्या शत्रूशी, लढतात तिथे) मात्र म्युझिक खालीच बरं, बॉसचे आवाज ऐकू यायला हवेत.